कॅमेरा पाण्यात ठेवून

काउंटरमागच्या मुलाने कॅमेऱ्याच्या बॅटरीचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि लाल पडलेल्या टिकलीएवढ्या स्टिकरवर पेनाचं टोक टेकवलं.

"सर, आत पाणी गेलंय."

"म्हणूनच आणलाय."

"पाणी गेलेलं वॉरंटीत बसत नाही."

"पण हा वॉटरप्रूफ आहे ना?"

"हो सर, वॉटरप्रूफच आहे."

या उत्तरात फट कुठे आहे ते मी शोधत राहिलो. कॅमेऱ्यातली फट मात्र त्याला लगेच सापडली होती. झाकणाच्या कडेने फिरणाऱ्या रबरी सीलवर एक केस आडवा पडला होता. चिमट्याने त्याने तो उचलून उजेडात धरला. चांगला वीतभर लांब. माझ्या डोक्याकडे एकदा बघून केस माझा नसल्याचं त्याने मान्य केलं, तेवढीच काय ती ग्राहकसेवा. एका केसाने माझा कॅमेरा मालवणच्या समुद्रात बुडवला होता, आणि तो केस कोणाचा हे घरी जाऊन विचारण्याची माझी छाती नव्हती.

पुढच्या डिसेंबरात पुन्हा तारकर्लीला जायचं ठरलं, तेव्हा मी जाहीर केलं की या वेळी कॅमेरा अभ्यास करून घेणार. बायको म्हणाली, "फोनला दोनशे रुपयांचं पाऊच मिळतं." मी तिच्याकडे बघितलंही नाही. अभ्यास करणाऱ्या माणसाला घरच्यांकडे असंच बघावं लागतं.

पहिला आठवडा आकड्यांत गेला. खोक्यावर आयपी ६८ असं काही लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. पाण्याचा सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. आठ म्हणजे त्याहून जास्त, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनी सांगेल तेवढं. यातली मेख अशी की ही परीक्षा गोड्या, स्वच्छ, निपचित पाण्यात होते. म्हणजे कॅमेरा पास झाला घरच्या टाकीत आणि नोकरीला पाठवायचा अरबी समुद्रात. लाटेचा फटका, वाळू, मीठ हे सगळं अभ्यासक्रमाबाहेरचं.

दुसरा आठवडा खोलीचा. ऑलिम्पस टफ, म्हणजे आताचा ओएम सिस्टमचा टीजी-७, पंधरा मीटर. निकॉनचा डब्ल्यू ३०० तीस मीटर. गोप्रो नुसता दहा, डब्यात घालून आणखी खोल. दर दहा मीटरला पाण्याचा दाब जमिनीवरच्या हवेच्या दाबाएवढा वाढतो, हे मी जेवताना सगळ्यांना समजावलं. मुलीने विचारलं, "बाबा, तुला पोहता येतं?" मी विषय निकॉनोसवर नेला. त्या निकॉनने १९६३ साली आणलेल्या कॅमेऱ्याला वेगळा डबा लागतच नसे, त्याचं अंगच पाण्यात उतरायला केलेलं होतं, आणि तोही बिचारा रबरी कड्यांवरच तगून होता. साठ वर्षं झाली, माणूस चंद्रावर जाऊन आला, पण समुद्र आणि कॅमेरा यांच्यामध्ये अजून एक रबराचं कडंच उभं आहे.

फोर्टातल्या दुकानात गेलो तेव्हा मी दुकानदारापेक्षा तयारीत होतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पाण्यात नेणार का?" मी म्हटलं, "त्यासाठीच घेतोय." तो जरा खिन्न झाला. "घ्या, चांगला आहे. पण शक्यतो पाणी लागू देऊ नका."

तरी घेतला. पंधरा मीटरवाला, दुहेरी कुलपाच्या झाकणांचा.

खरी परीक्षा माहितीपुस्तिकेने घेतली. हे पुस्तक कुठल्या सोवळ्यातल्या आजीने लिहिलं असावं. ओल्या हाताने झाकण उघडू नये. वाळूच्या जागी उघडूच नये. हातात घेऊन पाण्यात उडी मारू नये. गरम पाण्याच्या कुंडात नेऊ नये, म्हणजे वज्रेश्वरी बाद. सील वर्षाकाठी बदलून घ्यावं. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून ठेवावा आणि मऊ फडक्याने पुसावा. शिवाय दमट हवेत झाकण लावलंत तर हवेतली वाफ आत अडकते आणि गार पाण्यात गेल्यावर काचेवर आतून धुकं धरतं, म्हणून कोरड्या जागी बंद करावा. कोकणात कोरडी जागा. मी एसी लावून, दार लावून, पंखा बंद करून कॅमेऱ्याचं झाकण लावलं. त्याआधी भिंगाने सील तपासलं. त्या दिवसांत घरात केस विंचरायला बंदी होती.

मग बादली. लोक निकालाच्या दिवशी देव पाण्यात ठेवतात, मी कॅमेरा ठेवला. आत बॅटरीच्या जागी टिश्यूचा तुकडा, म्हणजे थेंब जरी गेला तरी कळावं. एक तास बादलीसमोर स्टूल टाकून बसलो. एक बुडबुडा वर आला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तो पट्ट्याच्या विणीत अडकलेल्या हवेचा निघाला. टिश्यू कोरडा होता. इतका आनंद मला मुलीच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता, हे मी तिच्यासमोर बोलायला नको होतं.

तारकर्लीला होडीत बसलो. होडीवाल्याने सगळ्यांना लाइफ जॅकेटं चढवली, मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळायला लावली आणि माझ्या गळ्याकडे बघितलं.

"साहेबानु, तो कॅमेरो हयच ठेवा. व्हिडिओ आमी काढतलव. पॅकेजात आसा."

मी त्याला आयपीचे आकडे सांगणार होतो, पण तोंडात नळी होती.

पाण्यात उतरल्यावर एक गोष्ट कळली, जी तीन आठवड्यांच्या अभ्यासात कुठेही आली नव्हती. जॅकेट घातलेला माणूस बुडत नाही. म्हणजे बुडवायचं म्हटलं तरी बुडत नाही. मी पालथा, हवा भरलेल्या ट्यूबला धरून, तोंड पाण्यात आणि पाठ उन्हात. हात खाली ताणला तेव्हा कॅमेरा गेला दोन फूट खोल. पंधरा मीटर आणि तीस मीटर यांच्यात मी रात्री जागवल्या होत्या!

होडीवाल्याचा गोप्रो ओरखड्यांनी पांढरा झालेल्या डब्यात होता. पट्टा तुटलेला, त्याजागी नायलॉनची दोरी. एक फेरी झाली की तो तेलाच्या कापलेल्या कॅनमध्ये भरलेल्या गोड्या पाण्यात डबा घुसळायचा आणि पुढची माणसं घ्यायला जायचा. डबा उघडत नव्हता, पुसत नव्हता, त्याला कसली पूजा नव्हती.

लॉजवर आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात ठेवायचा होता, तर नळाला पाणी मचूळ. खाली जाऊन वीस रुपयांच्या दोन बाटल्या आणल्या आणि कॅमेऱ्याला मिनरल वॉटरची अंघोळ घातली. मी स्वतः मचूळ पाण्यानेच आटोपलं. केस ताठ उभे राहिले, जेवढे होते तेवढे.

रात्री फोटो बघितले. दोनशे बारा. एकशे नव्वदात ट्यूबचं काळं पोट, काहींत माझा अंगठा, एकात बायकोची पावलं, आणि एकात हिरवट धुरकट पाण्याच्या कोपऱ्यात काहीतरी शेपटीसारखं. ती शेपटीच आहे असं माझं मत आहे.

तेवढ्यात होडीवाल्याचा व्हिडिओ व्हॉट्सॅपवर आला. आम्ही तिघं फोनवर वाकलो. त्यात मी होतो, आणि माझ्या कानामागून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा अख्खा थवा चालला होता. तीस-चाळीस तरी असतील. एक तर माझ्या मास्कसमोर येऊन थांबला, वाट बघितली आणि गेला. मी मान खाली घालून, कॅमेऱ्याचं झाकण डोळ्यांजवळ धरून, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होतो.

मुलीने व्हिडिओ थांबवला. "बाबा, मासे इकडे आहेत. तू काय बघतोयस?"

"कुलपाशेजारी लाल खूण दिसली तर झाकण नीट लागलेलं नसतं," मी म्हटलं.

"मग, दिसली?"

"नाही."

"अरे वा," म्हणाली, आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.