अँटिबायोटिक नाकारणाऱ्याचीही जबाबदारी असते

दोन वर्षांपूर्वी आईच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट, म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं हे सांगणारा अहवाल, हातात आला. एकाखाली एक अँटिबायोटिकची नावं आणि प्रत्येकापुढे आर, आर, आर. आर म्हणजे रेझिस्टंट; या जंतूवर हे औषध चालणार नाही. अगदी खाली दोन नावांपुढे एस, म्हणजे चालणारं औषध, सापडला. शिरेतून इंजेक्शनं देऊन आई बरी झाली, पण ती आरची रांग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या घरात वर्षानुवर्षं साध्या सर्दीलाही मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेतल्या जायच्या. मीच काढून द्यायचे.

त्यामुळे या औषधांवर बंधनं हवीत, असंच माझं ठाम मत आहे. सर्दी होते विषाणूंमुळे. तिच्यावर या गोळ्यांचा काडीचाही उपयोग नसतो, पोटातले जिवाणू मात्र त्यांना सरावतात. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली.

पण बंधन घालायचं कोणावर?

पेनिसिलिन हे अँटिबायोटिक शोधणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५च्या नोबेल व्याख्यानात एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून तो पेनिसिलिन विकत आणतो आणि अपुरं घेतो. जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. तेच बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती जाते. दोष कोणाचा? फ्लेमिंग म्हणतात, नवऱ्याचा. हे वाचलं तेव्हा त्या नवऱ्याच्या जागी मला आधी मीच दिसले. मग राग आला. त्याला ते औषध विकलं कोणी? घशात नेमकं काय आहे हे तपासून सांगणारं कोणी त्याला भेटलं होतं का? चार दिवस कामावर न जाता पडून राहणं त्याला परवडणारं होतं का?

इकडे निरोगी जनावरांचं वजन वाढावं म्हणून खाद्यात अँटिबायोटिक मिसळलं गेलं. माणसांना लागणारी औषधं अशी वापरू नका, असं ब्रिटनमधल्या स्वान समितीने १९६९मध्येच सांगितलं होतं. युरोपीय संघात वजनवाढीसाठीचा हा वापर पूर्ण बंद व्हायला २००६ उजाडलं. कोलिस्टिन हे तर शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध. त्याला दाद न देण्याची ताकद जिवाणूंना देणारं आणि एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारं जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रोग्यांतही सापडल्याचं २०१५मध्ये जाहीर झालं. कात्री आधी इथे लागायला हवी, तापाने फणफणलेल्या माणसाच्या गोळीला नंतर.

आणि त्या माणसाला नाही म्हणायचं असेल, तर ते कसं म्हणावं हे मी भाच्याच्या डॉक्टरांकडून शिकले. त्यांनी अँटिबायोटिक दिलं नाही. पण श्वास जलद झाला, पिणं थांबलं किंवा मूल मलूल पडलं तर लगेच आणा, असं कागदावर लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. असा नकार मला मान्य आहे. 'व्हायरल आहे, जा' एवढ्यावर रोग्याची बोळवण करणं म्हणजे भविष्यातल्या अनोळखी माणसांच्या नावाने आजच्या माणसाला वाऱ्यावर सोडणं. सेप्सिससारख्या जिवावरच्या संसर्गात तर काटकसरीचा विचारही नको. तिथे उशीर जीव घेतो.

जगात आजही कितीतरी मुलं न्यूमोनियाने जातात, कारण अमॉक्सिसिलिनसारखं साधं अँटिबायोटिक वेळेवर पोचत नाही. त्यांना कमी वापरा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं? सप्टेंबर २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत देशांनी २०३०पर्यंत औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंशी संबंधित मृत्यू १० टक्क्यांनी कमी करायचं ठरवलं. ज्यांना गोळ्या आवरायला सांगणार, त्यांच्या आवाक्यात आधी कल्चर करणारी प्रयोगशाळा आणा. आईचा रिपोर्ट निदान मिळाला तरी. तो नसता तर डॉक्टरांना अंदाजानेच औषध द्यावं लागलं असतं, आणि ते बहुधा त्या आरच्या रांगेतलंच निघालं असतं.