भडंग वाचलं, कॅसेटी बुडाल्या

कॅसेटमध्ये पेन्सिल घालून रीळ गुंडाळायची तुमची आठवण वाचली नि हसूच आलं. २००५ च्या पुरात कृष्णा आमच्या सांगलीतल्या घरात शिरली. आई म्हणाली, हाताला लागेल ते घेऊन वरच्या काकूंकडे चला. मी दादाचा कॅसेटचा डबा उचलला. वर जाऊन उघडला तर भडंग! पाणी उतरल्यावर रिळं चिमटे लावून दोरीवर वाळत घातली. एकच वाजली, तीही घोगरी. लक्ष्मीकांत बेर्डेंचा आवाज भुतासारखा येत होता. (नाट्यपंढरी म्हणतात त्या सांगलीत राहून दादा नाटकं कॅसेटवर ऐकायचा, ते सोडा.) भडंग मात्र मेणबत्तीच्या उजेडात सगळ्यांनी संपवलं, मला शिव्या घालत घालत. दादानं सगळ्यात जास्त खाल्लं.