सेन्योर यशवंत

माझं नाव अनिल. अनिल यशवंत, आणि पुढे आडनाव. आडनाव सांगत नाही, कारण स्पेनने ते अकरा वर्षं गिळून ठेवलं होतं आणि त्यावाचून त्या देशाचं काही अडलं नाही. तुमचंही अडणार नाही.

भानगड अशी की स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात. पहिलं सहसा वडिलांकडचं, दुसरं आईकडचं. रोजच्या वापरात पहिलं, दुसरं बहुतेक कागदापुरतं. लग्न झालं म्हणून बाई आडनाव बदलत नाही. म्हणजे आपल्याकडे तीन नावं, त्यांच्याकडेही तीन. पण आकडा जुळला म्हणून पत्रिका जुळत नाही. आमच्या ब्रिटिश पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात छापलेलं असतं, हे खरं. पण स्पॅनिश संगणकात आडनावांचे रकाने दोन, आणि त्यातला एक मोकळा राहिला की त्याला चैन पडत नाही. तो इकडेतिकडे बघतो, मधलं नाव दिसतं, तेच उचलून घालतो. २०१३ साली आम्ही लंडनच्या हॅरो उपनगरातून आलिकांते प्रांतातल्या समुद्रकाठच्या एका गावात राहायला गेलो आणि पंधरा दिवसांत मी सेन्योर यशवंत झालो. दवाखान्यात यशवंत, विजेच्या बिलावर यशवंत, गॅसवाल्याच्या तोंडी ‘यास्वान’.

हॅरोला फोन करून बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, “बरं झालं. तू माझं नाव काढशील अशी आशा मी सोडलीच होती. निदान लावलंस तरी.”

हे माझ्यापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण नगरपालिकेत कुटुंबाची रहिवासी नोंद करायची होती. तिला ‘पाद्रोन’ म्हणतात, आणि ती नसेल तर तुम्ही स्पेनमध्ये उभे आहात हे समोर दिसत असूनही कुणी मान्य करत नाही. खिडकीतल्या बाईंनी आमची तिन्ही नावं एकाखाली एक लिहिली. अनिल यशवंत. मेधा अनिल. नील अनिल. तिन्हीच्या शेवटी तेच आडनाव. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

ज्यांची दोन्ही आडनावं सारखी ती सख्खी भावंडं, हा तिकडचा सरळ हिशेब. त्या हिशेबाने मेधा आणि नील बहीणभाऊ झाले. मेधा तेव्हा ३६ वर्षांची, नील ४ वर्षांचा. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि त्यांच्या आईच्या प्रकृतीबद्दल मनातल्या मनात आदर व्यक्त केला असावा. मग माझ्याकडे वळल्या. माझं वडिलांकडचं आडनाव वेगळं, आईकडचं यांच्यासारखंच.

“म्हणजे तुम्ही यांचे मावसभाऊ?”

मी माझ्या तीन महिन्यांच्या स्पॅनिशमध्ये खुलासा केला. अनिल हे आडनाव नाही, मी स्वतःच अनिल. बायकोच्या नावात नवऱ्याचं नाव मधे येतं, मुलाच्या नावात वडिलांचं. आमच्याकडे तशी पद्धत आहे.

“असं होय,” बाई म्हणाल्या. “मग तुमच्या नावात बायकोचं नाव कुठे आहे?”

मेधाने खुर्ची माझ्याकडे वळवली. “सांग ना,” ती मराठीत म्हणाली. “थांबल्यात त्या.”

पुढचे दोन महिने मेधा माझी बायको आहे हे सिद्ध करण्यात गेले. लग्न ठाण्याचं. त्यामुळे दाखला ठाण्याचा, त्यावर शिक्का दिल्लीचा, आणि भाषांतर स्पेनमधल्या शपथबद्ध भाषांतरकाराचं. ठाण्याला लग्न लावायला गुरुजींना दीड तास लागला होता.

आता एक शब्द सांगायला हवा: एक्सपॅट, म्हणजे आपला देश सोडून परदेशात राहणारा. किनाऱ्यावरचे सगळे ब्रिटिश स्वतःला एक्सपॅट म्हणवतात. बाबा १९६९ साली एक सूटकेस घेऊन लंडनला उतरले, ते इमिग्रंट. मी चार सूटकेस घेऊन आलिकांतेला उतरलो, तर एक्सपॅट. फरक तीन सूटकेसचा. आमच्या शेजारी एक इंग्रज आजोबा राहायचे. स्पेनमध्ये पंधरा वर्षं काढून त्यांना बिअर मागवण्यापुरतं स्पॅनिश येत होतं. इंग्लंडमध्ये येणारे परके लोक इंग्रजी शिकत नाहीत, याचं त्यांना अतोनात दुःख. ते दुःख त्यांनी एका संध्याकाळी माझ्यापाशी मोकळं केलं. मी म्हटलं, माझे वडील शिकले बरं का. ते म्हणाले, “तुझी गोष्ट वेगळी, तू आपल्यातला.” हॅरोत जन्म घेऊन जे चाळीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, ते ऐकायला मला स्पेनला जावं लागलं.

दुकानं दुपारी दोन ते पाच बंद. (पुण्याचा विनोद इथे अपेक्षित आहे, तो तुम्ही आपापला करून घ्या.) जेवण अडीचला, रात्रीचं साडेनऊला. आमच्या नातेवाइकांना वाटायचं, हे लोक ऐषारामी. खरं कारण घड्याळात आहे. ग्रीनिचची रेषा आमच्या आलिकांते प्रांतातूनच जाते, म्हणजे सूर्य साधारण लंडनच्याच वेळेला डोक्यावर येतो. पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने घड्याळं तासभर पुढे केली, ती पुन्हा मागे आलीच नाहीत.

थंडीचं मात्र कुणालाच पटत नाही. ठाण्याच्या सासूबाई म्हणायच्या, “तुमची मजा आहे, उन्हाचा देश.” आहे ना, ऊन बाहेर आहे. घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. खाली फरशी, भिंती गार, खिडक्यांवर गुंडाळून वर जाणाऱ्या झडपा. जानेवारीत बाहेर १७ अंश आणि घरात १३. थंडी वाजली की आम्ही अंगणात जाऊन ऊब घ्यायचो. आंघोळीचं पाणी गॅसच्या बाटलीवर. केशरी रंगाची, साडेबारा किलो गॅसची ही बाटली साबण डोळ्यांत गेल्याशिवाय संपत नाही. मग ओल्या अंगाने गच्चीत जाऊन रिकामी काढायची, भरलेली लावायची. मेधा म्हणायची, “ठाणं सोडून लंडन, लंडन सोडून स्पेन, आणि हातात काय? सिलिंडर.”

रांगेचा विषय काढल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ब्रिटिश माणूस रांगेत वाढतो. स्पेनमध्ये पहिल्यांदा दवाखान्यात गेलो तर रांगच नाही. माणसं विखुरलेली, कुणी बाकावर, कुणी दारात. मी एका गृहस्थामागे शिस्तीत उभा राहिलो. अर्ध्या तासाने कळलं, ते बायकोची वाट बघत होते. तोवर चार आज्या येऊन, तपासून, घरी गेल्या होत्या. पद्धत अशी आहे की आत आल्याबरोबर मोठ्याने विचारायचं, “एल उल्तिमो?” शेवटचा कोण? कुणीतरी हात वर करतं. तो चेहरा लक्षात ठेवायचा आणि खुशाल कुठेही बसायचं, गप्पा मारायच्या, कॉफी पिऊन यायचं. रांग असते, फक्त ती माणसांच्या डोक्यात असते. मला हे जमायला वर्ष लागलं. जमलं तेव्हा वाटलं, आता आपण इथले.

२०१५ च्या वसंतात आई-बाबा महिनाभर आले. आठवडी बाजारात बाबा नेहमीप्रमाणे पुढे निघून गेले आणि आईने गर्दीत हाक मारली, “अहो!” समोरच्या गाड्यावरचा माणूस अंदालुसियाचा. स्पॅनिशमध्ये लसणाला ‘आखो’ म्हणतात, आणि दक्षिणेकडचे लोक त्यातला ‘ख’ इतका मऊ उच्चारतात की त्याचा ‘आहो’च होतो. त्याने लसणाचा एक गड्डा उचलून दाखवला. आईने मान हलवली आणि आणखी जोरात ओरडली, “अहो!” त्याने दोन उचलले. बाबा काही वळेनात. आईचा आवाज चढत गेला, तशी पिशवी भरत गेली. शेवटी बाबा परत आले तेव्हा त्यांना दीड किलो लसणाचे पैसे द्यावे लागले. आमच्या घरात तेव्हापासून लसणाला अहोच म्हणतात. “चार अहो ठेच,” असं मेधा मला सांगते, आणि त्यात तिला काहीतरी वेगळंच समाधान मिळतं.

बाबा त्या महिन्यात एकच शब्द शिकले. स्पॅनिश माणूस ‘ठीक आहे’, ‘बरं’, ‘चालेल’, ‘कळलं’ या सगळ्यासाठी ‘बाले’ म्हणतो. बाबांना तो भलताच आवडला. “बाले बाले,” म्हणत ते बेकरीत जायचे आणि मागितलं नव्हतं ते घेऊन यायचे.

मग ब्रेक्झिट. २४ जून २०१६ ला सकाळी निकाल कळला, युरोपीय संघातून बाहेर पडायच्या बाजूने ५१.९ टक्के. आलिकांते शहरात त्याच रात्री सान हुआनचा सण असतो. महिनोन् महिने खपून उभे केलेले माणसांपेक्षा कितीतरी उंच रंगीत पुतळे त्या रात्री पेटवतात, आणि अग्निशामक दलाचे जवान लोकांच्या मागणीवरून लोकांवरच पाण्याचे फवारे सोडतात. सगळीकडे धूर, फटाके, चिंब भिजलेली माणसं. सात वर्षांच्या नीलने विचारलं, “हे आपण बाहेर पडलो म्हणून करतायत का?”

त्यानंतरचं सगळं कागदांत गेलं. नवं ओळखपत्र, त्यासाठी फॉर्म ७९०, त्याची फी बँकेत, ठसे पोलिसांत. इंग्लंडचं लायसन्स वेळेत बदलून न घेतल्याने मे २०२२ पासून मार्च २०२३ च्या मध्यापर्यंत, दोन देशांचा करार होईस्तोवर, मला गाडी चालवायची मनाई. साडेदहा महिने मी तेरा वर्षांच्या मुलाच्या सायकलवरून किराणा आणला.

आई गेली, बाबा हॅरोत एकटे पडले, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही परत आलो.

परत येणं सोपं असेल असं मी धरून चाललो होतो. जन्म तिथला, भाषा तिथली, शाळा तर चालत जाण्याच्या अंतरावर. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो, दार ढकललं आणि सवयीने खणखणीत आवाजात विचारलं, “शेवटचं कोण आहे?” अकरा माणसं होती. सगळ्यांनी एकदम आपापल्या बुटांकडे बघितलं. एक बाई पर्स घट्ट धरून दुसऱ्या खुर्चीवर गेल्या. शेजारच्या काकूंना भेटलो तेव्हा दोन्ही गालांना गाल लावायला पुढे झालो. त्या आता कचऱ्याचा डबा मी आत गेल्यावरच बाहेर काढतात. बाबा साडेसहाला जेवून घेतात, नीलला साडेनऊला भूक लागते, आणि मेधा दोन्ही पंगतींना वाढून म्हणते, “मी खानावळ काढते, तू जाहिरात कर.” जूनमध्ये पहाटे पावणेपाचला उजाडतं आणि खिडक्यांना झडपा नाहीत. तुम्हाला सांगतो, मला त्या झडपांची आठवण येते तेवढी समुद्राची येत नाही.

पण खरी परीक्षा बँकेत. खातं उघडायला पत्त्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे वीज, पाणी, गॅस यांतलं बिल. घर बाबांचं, त्यामुळे बिलं बाबांच्या नावाची. मग माझ्या नावावर फोन घेतो म्हटलं, तर त्याला हप्ता कापायला बँकेचं खातं हवं. शिवाय माझा इथला पतइतिहास कोरा. एकावन्नाव्या वर्षी, जन्मगावात, संगणकाच्या मते मी गेल्या मंगळवारी अस्तित्वात आलो होतो. घरी बाबा म्हणाले, “मला १९६९ साली पहिल्या आठवड्यात पासबुक मिळालं होतं.” हे ते रोज म्हणायचे.

एका दुपारी बाबांच्या फोनवर स्पेनहून फोन आला. शेवटचं वीजबिल पाठवायला म्हणून आम्ही त्यांचा पत्ता आणि नंबर देऊन ठेवला होता. पलीकडून बाईंनी विचारलं, “सेन्योर यशवंत?”

“येस, स्पीकिंग,” बाबा म्हणाले.

दहा मिनिटं त्या बोलत होत्या. मी घरी आलो तेव्हा बाबा खुशीत होते. काय म्हणत होत्या, विचारलं. “ते काही कळलं नाही. पण आवाज गोड होता. मी बाले म्हणत गेलो.”

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. आम्ही बंद करायला सांगितलेला मीटर बाबांनी वर्षभर चालू ठेवला होता आणि वर बॉयलरच्या दुरुस्तीची योजनाही घेतली होती. आमच्याकडे बॉयलर कधी नव्हताच. मी डोक्याला हात लावला. मेधाने मात्र कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, “अरे, हे विजेचं बिल आहे. तुझ्या नावाचं. हॅरोच्या पत्त्यावर.”

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बँकेत. बाबांना हौस म्हणून बरोबर घेतलं. काउंटरवरच्या तरुणाने कागद घेतला. स्पॅनिश पद्धतीने त्यावर आधी आडनावं छापलेली, मग स्वल्पविराम, आणि मग कुठेतरी अनिल. त्याने पत्ता ताडला, तारीख ताडली, मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडायला आला होता.

“मिस्टर यशवंत?” त्याने वर बघून विचारलं.

“येस, स्पीकिंग,” शेजारच्या खुर्चीवरून बाबा म्हणाले.

तरुणाने संगणकात नाव घातलं आणि त्याचा चेहरा खुलला. या पत्त्यावर या नावाचं खातं पन्नासहून जास्त वर्षं आहे, म्हणाला. मग कागदाची घडी घालून ती बाबांच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळला.

“आणि तुम्ही यांचे कोण?”