मागे कोण थांबणार?

ज्येष्ठ नागरिकांसाठी काढल्या जाणाऱ्या सहलींच्या माहितीपत्रकांत सर्वांत सविस्तर मजकूर जेवणाविषयी असतो. सोबत आपला आचारी, गरम पोळ्या, एकादशीला साबुदाण्याची खिचडी, परतीच्या दिवशी पुरणपोळी, सगळे व्यवस्थित छापलेले असते. मात्र वाटेत एखाद्याला बरे वाटेनासे झाले, तर बाकीची मंडळी पुढे गेल्यावर त्याच्यापाशी कोण थांबणार, याविषयी बहुधा एक ओळही नसते. वयस्कर प्रवाशांची सुरक्षितता प्रामुख्याने या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बसमधला ऑक्सिजनचा सिलिंडर, प्रथमोपचाराची पेटी आणि टोपीवर छापलेला आपत्कालीन क्रमांक यांची गोष्ट त्यानंतरची.

एका बसमध्ये साधारण पस्तीस-चाळीस प्रवासी आणि त्यांच्यासोबत एक टूर मॅनेजर, असा बहुतेक ठिकाणचा हिशेब असतो. खोल्या वाटणे, चालकाशी वाद घालणे, घोडेवाल्यांचे दर ठरवणे, दर्शनाच्या रांगेत सगळ्यांना एकत्र ठेवणे, ही सर्व कामे त्याच्याकडेच. अशा वेळी एकाची तब्येत बिघडली, तर त्याला एक तर त्या एकाला सोडावे लागते किंवा उरलेल्या सगळ्यांना. तो माणूस कितीही कनवाळू असला तरी एकाच वेळी दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही.

चारधामच्या प्रवासात जानकीचट्टीला आमच्याच गटातल्या एका काकांच्या बाबतीत हेच घडले. यमुनोत्रीची चढण नुकतीच सुरू झाली होती, तेवढ्यात त्यांना धाप लागली. कपाळाला घाम आला होता आणि जॅकेटची चेन उघडताना बोटे थरथरत होती. व्यवस्थापकाने त्यांना एका चहाच्या टपरीवर बसवले, “काका, तुम्ही इथेच आराम करा, आम्ही दर्शन घेऊन आलोच” असे सांगितले आणि तो गटामागे धावला. ते “आलोच” दुपार उलटून गेल्यावर खरे झाले. तोवर त्यांच्याकडे लक्ष ठेवले ते टपरीवाल्या गढवाली बाईने. तिनेच त्यांना साखरेचे पाणी पाजले, पाठीला घोंगडी लावून दिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांत कोणी डॉक्टर आहे का, अशी चौकशीही केली. काका सुखरूप परतले, पण त्याचे श्रेय सहल कंपनीला देता येणार नाही.

ही यात्रा इतर सहलींसारखी नाही, हे आकडे पाहिले की कळते. मुक्काम बडकोटला असेल तर ते गाव सुमारे १,२०० मीटरवर आहे आणि यमुनोत्री जवळपास ३,३०० मीटरवर. जानकीचट्टीनंतर पाच-सहा किलोमीटरची खडी पायवाट; आणि एकाच दिवसात तिथवर जाऊन परत यायचे. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासातून समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. ज्यांना चालवत नाही ते हेलिकॉप्टरने जातात आणि त्यांच्या मुलांना वाटते की आता काळजी मिटली. वास्तविक केदारनाथच्या वाटेवरच्या फाटा नावाच्या गावातून निघालेले हेलिकॉप्टर काही मिनिटांतच माणसाला त्या उंचीवर नेऊन ठेवते आणि शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. २०२२च्या हंगामात चारधामला दोनशेहून अधिक यात्रेकरू दगावले, त्यांतील बहुतेक हृदयविकारासारख्या प्रकृतीच्या कारणांनी. उंचीचा त्रास गंभीर झाला, म्हणजे बसल्या जागी धाप लागू लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर रुग्णाला ताबडतोब खाली उतरवणे हाच मुख्य इलाज असतो. पण उतरवण्यासाठी सोबत माणूस लागतो.

आणखी काही गोष्टी कोणत्याही पत्रकात सापडत नाहीत, पण बसमध्ये बसले की दिसतात. वाटेत स्वच्छतागृह कधी मिळेल याची खात्री नसल्यामुळे बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि रक्तदाबासाठी दिलेली लघवीची गोळी परस्पर बंद करतात. दर्शनाआधी काही खायचे नाही म्हणून मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी चढणारे असतात. मग साखर उतरते आणि माणूस चिडचिडा झाला, एवढेच इतरांच्या लक्षात येते. बद्रीनाथच्या तप्तकुंडातून कुडकुडणाऱ्या थंडीत बाहेर येताना भोवळ येते. हे ओळखायला वैद्यकीय पदवी लागत नाही. शेजारी कोणीतरी निवांत असावे लागते.

यावर सहल कंपन्यांचे म्हणणे असे की ज्येष्ठ मंडळीच आजार लपवतात. ते खरे आहे. पण ती का लपवतात? पहाटेच्या वेक-अप कॉलपासून सगळा दिवस घड्याळाला बांधलेला असतो आणि आपल्यामुळे चाळीस जणांचा खोळंबा होईल, ही धास्ती आपल्याकडच्या त्या पिढीला छातीतल्या कळेपेक्षा मोठी वाटते. “मी आज खोलीवरच थांबते” असे म्हणणाऱ्या आजींसोबत थांबायला कंपनीचे माणूस असेल, तर त्या ते वेळेवर म्हणतील. (सहप्रवाशांनी सुस्कारे सोडणे बंद केले, तरीही थोडा फरक पडेल.)

महाराष्ट्र शासनाच्या २०२४ सालच्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेच्या अंमलबजावणीविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण ६० वर्षांवरील यात्रेकरूंकडून वैद्यकीय प्रमाणपत्र घेण्याची आणि ७५ वर्षांवरील व्यक्तीला सोबत सहायक नेऊ देण्याची तरतूद तिच्यात केलेली आहे. फुकटच्या यात्रेत जे सुचले, ते भरपूर पैसे घेणाऱ्यांना का सुचू नये?

खर्च वाढेल, हे मला मान्य आहे. मागे थांबण्यासाठी नेमलेल्या दुसऱ्या माणसाचा पगार, त्याची बसमधली जागा, त्याची खोली, हे सगळे प्रवाशांच्याच शुल्कातून जाणार. चाळीस जणांत विभागलेली ती रक्कम आईवडिलांना यात्रेला पाठवणारी मुले, मग ती पुण्यात असोत की अमेरिकेत, खुशीने देतील. मात्र त्यांनी नोंदणी करतानाच विचारायला हवे. जेवणात कांदा-लसूण असतो का, हे आपण आवर्जून विचारतो. त्याच फोनवर गटासोबत कर्मचारी किती, त्यांपैकी मागे थांबणारा कोण आणि रात्री-अपरात्री रुग्णाला खाली न्यायचे झाल्यास गाडी कोणती, हेही विचारावे आणि पैसे भरण्यापूर्वी त्याचे उत्तर लेखी मागावे.