खुराड्यात रात्रभर बल्ब? खुलासा

'खुराड्यात रात्रभर बल्ब ठेवा. मुंगूस येत नाही, अंडीही वाढतात' हा फिरणारा सल्ला चुकीचा आहे. मुंगूस मुळात दिवसा शिकार करतो. रात्री येणारी रानमांजरं, कांडेचोर बल्बला फार काळ भीत नाहीत. अंड्यांसाठी दिवसाचा उजेड धरून १४ ते १६ तास पुरतात. उरलेला वेळ अंधार हवाच. नाहीतर कोंबड्या एकमेकींना टोचतात. कमी पडणारा उजेड पहाटे टायमरने द्या. संध्याकाळी बल्ब फट्दिशी विझला, की कोंबड्या दांडीवर न चढता खालीच बसतात.

खरा बचाव जाळीचा. षटकोनी जाळी कोंबडी अडवते, कुत्रा नाही. तो ती दातांनी फाडतो. अर्धा इंची भोकांची वेल्डमेश (तारा वेल्ड करून जोडलेली मजबूत जाळी) लावा, खाली फूटभर गाडा. नुसती फिरती कडी नको, तिच्यात खिट्टी अडकवा.