शेतकऱ्यानं कसं बोलावं?

दिवाळी झाली की लगेच तालुक्याला एका शेतकरी कार्यशाळेचं बोलावणं आलं. गेलो. मांजरा नदीकाठची माझी दीड एकर माती सप्टेंबर २०२५च्या पुरात खरडून गेलेली, घरी तसंही करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हॉल गार, बॅनरवर ‘बळीराजा’ मोठ्या अक्षरात, मंचावर दोन साहेब. साहेबांनी ‘व्हॅल्यू चेन’ किती वेळा म्हटलं ते मी बोटांवर मोजत होतो. सतराव्या ‘व्हॅल्यू चेन’ला मला डुलकी लागली.

शेवटी ‘कुणाला काही शंका?’ झालं. मी उठलो. ‘‘साहेब, सोयाबीनची रचलेली बनीम भिजली तर विमा बसतो का?’’

साहेबांनी शेजारच्या साहेबांकडं बघितलं. त्यांनी फाईलकडं. मग हसून म्हणाले, ‘‘काका, तुम्हाला पोस्ट हार्वेस्ट लॉस म्हणायचंय का? जरा योग्य शब्द वापरत चला.’’ अख्खा हॉल हसला. त्यातल्या निम्म्यांच्या बनिमी माझ्याबरोबरच भिजल्या होत्या, तेही हसले.

एसटीत बसल्यावर पटलं, चूक आपलीच. आपल्याला बोलताच येत नाही. म्हणून माझ्यासारख्या अडाण्यांसाठी हे चार शब्द.

पहिलं म्हणजे स्वतःला शेतकरी म्हणू नका. बॅनरवर तुम्ही बळीराजा, भाषणात अन्नदाता, फॉर्मात लाभार्थी, बँकेत थकबाकीदार आणि कार्यशाळेत स्टेकहोल्डर. कुठं बसलोय ते बघून नाव सांगायचं.

जमीन विचारली तर ‘दोन एकर’ म्हणायची सवय सोडा, ‘शून्य पूर्णांक एक्याऐंशी हेक्टर’ म्हणा. सोयरिकीच्या बैठकीत मात्र एकरच सांगा. शून्यानं सुरुवात केली तर पाहुणे चहा न घेता उठतील.

‘हमीभाव’ हा शब्द मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मोठ्यानं उच्चारू नका. हमाल हसतात. २०२४ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता, हे मला पाठ आहे. विक्रीच्या पट्टीवर कधी दिसला नाही. मोंढ्यात चालणारे शब्द तीनच, हवा म्हणजे ओल, माती, डागी. व्यापारी मूठभर दाणे हातावर घेऊन ते पुटपुटतो आणि भाव उतरतो.

दुष्काळाला कधीही दुष्काळ म्हणायचं नाही, ‘दुष्काळसदृश’ म्हणायचं. २०१८ला आधी १८० तालुके सदृश झाले आणि आठवडाभरानं त्यातल्या १५१ तालुक्यांत खरा दुष्काळ पडला. २०२३ला ४० तालुक्यांत दुष्काळ आणि १०२१ महसूल मंडळांत सदृश. पाऊस कुठंच नव्हता, पण शब्द दोन होते. पोरगं दहावीला गटांगळ्या खाऊन आलं तर त्याला मारू नका, नापाससदृश आहे म्हणा. आणि आणेवारीबद्दल, म्हणजे रुपयात किती आणे पीक आलं त्या सरकारी अंदाजाबद्दल, तर बोलूच नका. आणे १९५७ला मोडीत निघाले, आता ‘पैसेवारी’ म्हणतात. सप्टेंबरात ती ‘नजर’ असते, ऑक्टोबरात ‘सुधारित’, डिसेंबरात ‘अंतिम’. रान तेच असतं.

पाऊस ‘लई’ झाला, हेही चालत नाही. तुमच्या रानात तळं साचलं म्हणून काय झालं? मोजायचं यंत्र मंडळाच्या गावी असतं. त्यात २४ तासांत ६५ मिलिमीटर भरलं तर ती अतिवृष्टी, नाहीतर नुसतं भिजलं.

आता बनीम. साहेबांसाठी सांगतो, तुम्हाला माहीतच आहे. सोयाबीन कापलं, दोन दिवस रानात वाळवलं, की मधोमध उंचवट्यावर गोळा करून रचायचं, वरून ताडपत्री, ताडपत्रीच्या कडेनं दगडं. मळणीयंत्र आठ दिवस मिळत नाही, तवर माल असा झाकून ठेवायचा. आज्यापासून आमच्याकडं हेच. २०२४च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं तीन रात्री झोडपलं. चौथ्या दिवशी ताडपत्री उचलली तर आतून गरम वाफ आली. भाताच्या पेजेसारखा आंबूस वास, आणि शेंगा फोडून बाहेर आलेले पांढरे मोड. आई नुसती मोड खुडत बसली.

नुकसान झालं हे विमा कंपनीला ७२ तासांत कळवायचं होतं. रेंजसाठी पोरगं टाकीवर चढलं. विम्याच्या अ‍ॅपनं विचारलं, पिकाची अवस्था? उभे पीक, कापून पसरवलेले, काढणी झालेले. बनीम नाही! मी खालून ओरडलो, ‘‘काढणी झालेले दाब, खरं ते दाब.’’ खरं दाबलं. अर्ज नामंजूर. कारण भरपाई बसायची ती कापून सुकायला रानात पसरलेल्या किंवा छोट्या पेंढ्या बांधून ठेवलेल्या मालाला, तीही १४ दिवसांपर्यंत. म्हणजे ज्यानं माल पावसात उघडा टाकला तो नियमात, आणि ज्यानं उधारीवर ताडपत्री आणून झाकला तो बाहेर. आमच्या शेजाऱ्याची बनीम माझ्याहून मोठी, पण त्याच्या पोरानं ‘पसरवलेले’ दाबलं. त्याला पैसे आले. मी त्या पोराला दोष देत नाही. शब्द कळतो त्याला.

सल्ला असा की माल झाकू नका... अहो, कसला सल्ला अन् काय! लाज वाटायला पाहिजे. लातूर, धाराशिव, बीड, कुठल्याही गावात सुगीला जाऊन बघा, रानोरान बनिमी उभ्या असतात. एक पेटली तर पेपरात छापून येतं, पोलिसांच्या फिर्यादीत हा शब्द असतो. साहेब, तुमच्या अ‍ॅपात नाही. ते अ‍ॅप लिहिणाऱ्यानं कधी बांधावर चप्पल भिजवली होती का? तुम्ही त्या दिवशी ‘ऑप्टिमम सॉइल मॉइश्चर’ समजावायला पाच मिनिटं घेतली. वाफसा म्हणा की! मागच्या रांगेतल्या शाळकरी पोरालाही कळलं असतं.

आणि साहेब, राहिलंच. माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलंच नाही. ती ७२ तासांत कळवून मिळणारी भरपाई राज्यानं २०२५च्या खरिपापासून काढूनच टाकली, मग सगळं पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे काही रानांत पीक कापून मोजलेल्या उताऱ्यावर, गेलं. हे मला गावातल्या सेतू केंद्रातल्या पोरानं सांगितलं. तुम्ही मंचावर बसून मला योग्य शब्द शिकवत होता, आणि योग्य शब्द होता ‘नाही’. तेवढा तरी म्हणायचा! माझं जायचं-यायचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी गेली. पुढच्या वेळी सुगीत बोलावू नका. आणि जेवणाच्या पाकिटावर ‘अन्नदाता’ छापलं होतं ते बंद करा, आतली भाजी विटलेली होती.