मिड-सेंच्युरी आमंत्रणं म्हणजे नुसती हेल्वेटिका आणि मोकळी जागा नव्हे

सध्या एक मजकूर जिकडेतिकडे फिरतोय, वर जुन्या कार्डांचे फोटो आणि खाली दावा असा की १९५०-६० च्या दशकांतली चित्रप्रदर्शनांची आमंत्रणं सगळी हेल्वेटिका या टाइपात (अक्षरांच्या वळणात) असायची, सगळी लहान अक्षरांत असायची कारण तेव्हा फॅशन होती, मोकळी जागा सोडली की डिझाइन झालं, आणि तसंही खरं काम पोस्टरवर व्हायचं, आमंत्रण म्हणजे उरलंसुरलं. डिझाइन शिकणारी मुलं हे खरं धरून चाललीयत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी हेल्वेटिका. हा टाइप स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीनं (टाइप ओतणाऱ्या कारखान्यानं) १९५७ ला काढला तेव्हा त्याचं नाव नॉये हास ग्रोटेस्क होतं, हेल्वेटिका हे नाव १९६० ला मिळालं, त्यामुळे पन्नासच्या दशकातल्या बहुतेक कार्डांवर तो असणं शक्यच नाही. तुम्हाला जो दिसतो तो बऱ्याचदा आक्त्सिडेन्झ ग्रोटेस्क असतो, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आलेला. शिवाय तेव्हा छपाईचे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, विकत घ्यावे लागायचे, तो खर्च मोठा, नवा टाइप आला म्हणून कुठल्या प्रेसनं जुन्या केसी (खिळे ठेवायचे खणांचे ट्रे) फेकून दिल्या नाहीत. आणि सगळे सॅन्स सेरिफवाले (अक्षरांच्या टोकांना छोट्या आडव्या रेघा, म्हणजे सेरिफ, नसलेला टाइप वापरणारे) पण नव्हते हो! ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक म्युझियमचा डायरेक्टर विलेम सँडबर्ग म्युझियमचे कॅटलॉग आणि पोस्टर स्वतः डिझाइन करायचा, त्यात जाड सेरिफची जुनी अक्षरं, हातानं फाडलेल्या कागदाचे आकार, तपकिरी पॅकिंगचा कागद. युद्धानंतर कागदाची टंचाई होती हे खरं, पण टंचाई संपल्यावरही त्यानं तो खरखरीत कागद सोडला नाही, त्याला तो आवडायचाच. तिकडे जर्मन टायपोग्राफर यान चिखोल्ड, ज्यानं १९२८ ला नव्या टायपोग्राफीचा (सॅन्स सेरिफ अक्षरं, मधोमध नसलेली मांडणी) झेंडा उभारला, तोच पुढे मधोमध मांडणी आणि सेरिफकडे परत गेला आणि त्यावरून १९४६ ला स्विस डिझायनर मॅक्स बिलशी त्याचं जाहीर भांडण झालं. ज्या काळाला तुम्ही एकच स्टाइल म्हणताय त्या काळात लोक या गोष्टींवरून एकमेकांशी भांडत होते.

'मोकळी जागा सोडली की झालं' हे वाक्य मात्र मला खरंच लागलं. लेटरप्रेसमध्ये, म्हणजे खिळे जुळवून केलेल्या छपाईत, जागा सोडता येत नाही, भरावी लागते. पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर खाली डावीकडे फक्त तीन ओळी हव्या असतील तर कंपोझिटर (खिळे जुळवणारा) हातातल्या स्टिक नावाच्या पट्टीत एकेक खिळा उलटा वाचत जुळवणार, दोन ओळींमध्ये लेडं (धातूच्या पट्ट्या) घालणार, आणि मग तो वरचा रिकामा दिसणारा सगळा भाग लाकडाच्या आणि धातूच्या ठोकळ्यांनी चेसमध्ये (लोखंडी चौकटीत) गच्च आवळणार, कारण जरा सैल राहिलं तर उचलताना खिळे खाली. दोन अक्षरांमधली फट डोळ्यांना खटकली की पितळेची नाहीतर कागदाची बारीक पट्टी मध्ये सरकवायची, प्रूफ काढायचं, बघायचं, परत सरकवायची. साइज पण ठरलेले, ८, १०, १२ पॉइंट, मधला हवा म्हणून ओढून ताणता येत नाही. बाझेलला शिकवणारा एमिल रूडर स्वतः कंपोझिटरचं काम शिकलेला, आणि त्याच्या शिकवणीत न छापलेल्या जागेला छापलेल्याइतकीच किंमत होती ती यातूनच आलीय असं मला ठामपणे वाटतं. त्याला आळस म्हणणं म्हणजे त्या हातांचा अपमान आहे.

लहान अक्षरांचं थोडक्यात. आपल्या देवनागरीत कॅपिटल-स्मॉल भानगड नाही म्हणून यातली धग आपल्याला चटकन कळत नाही, पण जर्मनमध्ये प्रत्येक नाम कॅपिटलनं सुरू होतं, तो लिहिण्याचा नियमच आहे. डिझायनर हर्बर्ट बायरनं १९२५ ला बाउहाउस या जर्मन कला-डिझाइन शाळेत सगळं लहान अक्षरांत लिहायची बाजू घेतली तेव्हा एका आवाजाला दोन चिन्हं कशाला हा त्यामागचा सवाल होता. १९३३ ला नाझींच्या दबावाखाली बाउहाउस बंद पडलं. त्यानंतर युद्धोत्तर युरोपात जो माणूस आमंत्रणावर कॅपिटल टाळत होता तो आपण कुठल्या बाजूचे हे पण सांगत होता, त्याला नुसती फॅशन कसं म्हणायचं?

राहिलं 'उरलंसुरलं काम'. १९५३ ला न्यूयॉर्कच्या सिडनी जॅनिस गॅलरीतल्या 'दादा' या कलाचळवळीच्या प्रदर्शनासाठी चित्रकार मार्सेल द्युशाँनं पोस्टर आणि कॅटलॉग एकाच पातळ कागदावर छापला आणि त्याचे चुरगाळलेले बोळे लोकांच्या हातात दिले, मग तुमचं पोस्टर वेगळं आणि बारीक छपाई वेगळी ही वाटणी राहिलीच कुठे. १९५८ ला पॅरिसमध्ये चित्रकार इव्ह क्लाइननं इरिस क्लेरच्या गॅलरीत रिकामी खोली दाखवली, तेव्हा आमंत्रणाच्या पाकिटावर त्याचा स्वतःचा निळा स्टॅम्प होता. खोलीत काहीच टांगलेलं नाही, म्हणजे निळा रंग लोकांपर्यंत आधी पोचला तो टपालातून! दोन वर्षांनी त्याच गॅलरीत आर्मान या कलाकारानं खोली कचऱ्यानं भरली आणि आमंत्रण पाठवलं सार्डिनच्या डब्यात.

म्हणून ही कार्डं शेअर करणाऱ्यांना एकच सांगणं, कार्डाचा फक्त पुढचा भाग कापून शेअर करू नका, मागची बाजू, पाकीट, टपालाचा शिक्का हे सगळं दाखवा आणि साल लिहा.